गार न होणारं इंजिन

चि. ठोक्यास,

तुझ्या ताईचे अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि दोन्ही पोरं खुशाल असाल असं धरून चालते, कारण तुझं शेवटचं पत्र कधी आलं होतं ते आठवायला निवांत बसावं लागेल आणि गेले बारा दिवस मला बसायला मिळालेलं नाही. तुझी कंबर कशी आहे? गाडीखाली आडवा होताना पाठीखाली पोतं घेतोस ना? की अजून सिमेंटवरच लोळतोस? तुझ्या बायकोला सांग, तिचे दोन्ही ब्लाउज केव्हाच शिवून झालेत, पाठवायला वेळ झाला नाही एवढंच. आमच्याकडे मामंजींची तब्येत ठणठणीत आहे. इतकी ठणठणीत नसती तर बरं झालं असतं, असं सुनेनं लिहू नये, म्हणून लिहीत नाही. यांचीही बरी आहे. डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय, पण ते गळून नवं येईल असं समोरचे कंपाउंडर म्हणतात. (ते कुठल्याही दुखण्याला हेच म्हणतात. मागे मामंजींच्या दाताबद्दलही हेच म्हणाले होते, आणि मामंजींनी दीड वर्ष वाट बघितली.) माझं विचारशील तर डोकं सोडून बाकी सगळं जागेवर आहे.

आता मुद्द्यावर येते. जे झालं ते सगळं तुझ्यामुळे झालं, हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना तू निष्पाप चेहरा करून मान हलवणार नाहीस. यांच्या निरोप समारंभाला तुला मी दोनदा बजावलं होतं, की शाल आण, घड्याळ आण, नाहीतर काहीच आणू नकोस. तू काय आणलंस? निळी पत्र्याची पेटी. आत पाने, पेचकस, हातोडी आणि ते पंख्यासारखं उघडणारं, फट मोजायचं पातळ पात्यांचं फिलर गेज. आणि ती देताना चारचौघांत म्हणालास, "भाऊजी, इतकी वर्षं पेन्सिलीला टोक काढलंत, आता जरा खरं काम करा." लोक हसले. हेही हसले. तू तुझ्या गाडीत बसून निघून गेलास. घरी आल्यावर त्यांनी ती पेटी पलंगाखाली सरकवली आणि जेवायला नको म्हणाले, हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण सांगणारी मी एकटीच होते आणि मी चिडले होते.

तुला ठाऊक आहे, यांनी एकतीस वर्षं नकाशे काढले. केसापेक्षा बारीक रेघ हाताने मारणारा माणूस. त्या ऑफिसात यांचं उतरतं टेबल खिडकीपाशी होतं. एके सोमवारी गेले तर टेबल जिन्याखाली आणि खिडकीपाशी संगणक. मग निवृत्तीच्या तीन वर्षं आधीच घरी. दोन महिने हा माणूस आमच्या खिडकीत बसून होता. वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायचे, घडी पुन्हा आधीसारखी घालायचे, आणि कुणी विचारलं की "आता काय, मोकळा" म्हणायचे. ते मोकळं ऐकलं की मी मशीन जोरात चालवायचे. भांडायला लागले असते तरी चाललं असतं.

अशात आमची व्हॅन वाजायला लागली. टक-टक-टक-टक, माझ्या शिलाई मशीनची सुई बॉबिनला आपटते तशी. मी तुला फोन केला, तू म्हणालास, टॅपेट सैल झालेत, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या फटी वाढल्यात, फार काही नाही, गॅरेजात घेऊन ये, तासाभराचं काम. आणि पुढे तुझ्या सवयीने म्हणालास, "पण भाऊजींना हात लावू देऊ नकोस, घट्ट राहिले तर व्हॉल्व्ह जळून बसेल." फोनचा आवाज तुला माहीत आहे आणि आमचं घर तुला माहीत आहे. हे खिडकीत होते. घडी घातलेलं वर्तमानपत्र त्यांनी खाली ठेवलं आणि पलंगाखाली वाकले.

मी थांबवलं का नाही, हे विचारशील. थांबवणारच होते. शाळा सोमवारी उघडायच्या होत्या, त्याआधीच्या शुक्रवारची ही गोष्ट नव्हे, त्याच्याही आधीच्या शुक्रवारची. एकशे साठ मुलांचे गणवेश मला त्या सोमवारी सकाळी शाळेत पोचवायचे होते आणि व्हॅनवाचून ते जाणार नव्हते. पदर खोचून मी बाहेर आलेच होते. पण पेटी उघडून पाने आकारमानाने एका ओळीत मांडताना हे शीळ घालत होते रे. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी आले तशी आत गेले आणि वरून त्यांना चहा नेऊन दिला. म्हणजे पुढचं सगळं मी उघड्या डोळ्यांनी ओढवून घेतलं, तुझ्याबरोबर माझंही नाव त्यात आहे.

पहिला दिवस तर फक्त चित्र काढण्यात गेला. व्हॅनची पुढची सीट उचलली, इंजिनावरचं झाकण काढलं (ते तेलाने माखलेलं झाकण कुठे ठेवलं असेल? माझ्या कापड बेतायच्या टेबलावर. खाली वर्तमानपत्र घातलं होतं, हे ते अजूनही अभिमानाने सांगतात) आणि आतल्या आठ व्हॉल्व्हचं शाईने चित्र. वरून, बाजूने, आणि कापून दाखवल्यासारखं. तुला शिकवायला नको, पण मला हे इतक्यांदा शिकवलंय की आता झोपेत म्हणेन: हवा आत घेणारे चार, त्यांची फट पंधरा शतांश मिलिमीटर. धूर बाहेर सोडणारे चार, त्यांची वीस शतांश, म्हणजे कागदाची दोन पानं. व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला असताना फटीत तेवढ्या जाडीची पाती घालायची. ती अडखळतही नको आणि सळसळतही नको, किंचित धरून सरकायला हवी. मग वरचा स्क्रू फिरवायचा, तो जागेवर धरणारा चेकनट आवळायचा, पुन्हा पाती घालून बघायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन गार हवं. रात्रभर उभं राहून गारठलेलं. गरम लोखंड फुगतं आणि सगळी मापं खोटी पडतात. हे वाक्य त्यांनी लाल शाईने लिहून व्हॅनच्या काचेला आतून चिकटवलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे काय सुरू झालं ते ऐक. व्हॉल्व्ह मिटायला इंजिन थोडं थोडं फिरवावं लागतं. सीटखालच्या त्या बोळात पाना घालून फिरवायला हात पुरेना. तेव्हा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात दुसरी रीत सापडली. प्लग काढायचे, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि बाहेरून ढकलायची, म्हणजे चाकाबरोबर इंजिन फिरतं. ढकलायला मी आणि कंपाउंडर. हे आत गुडघ्यांवर बसून इंजिनात बघणार आणि ओरडणार, "थोडं... थोडं... अजून केसभर... बस!" आता तूच सांग, माणसाने गाडी केसभर कशी ढकलायची? गाडी एकतर हलत नाही, नाहीतर हातभर जाते. मग, "गेलं! पुढे गेलं! मागे घ्या!" मग आम्ही दोघं पुढून ढकलणार. कंपाउंडर तर शर्टाची बाही वर करून यायचे, आणि दर ढकलीला बाटलीतलं औषध हलवताना मोजतात तसे एक-दोन-तीन म्हणायचे. पहिल्या सकाळी दीड तासात आम्ही दोन व्हॉल्व्ह मिटवले आणि व्हॅन फाटकापासून नळापर्यंत सहा वेळा नेली. मामंजी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पस्तीस वर्षं काढली. दर दहा मिनिटांनी ते आठवण करून देत होते की त्यांच्या पंपाला असली भानगड नव्हती, बटण दाबलं की पाणी.

बरं, फट मोजायची कशी, तर हातात माझे भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे घालून. मी म्हटलं, अहो, पाती किती धरतेय ते मोज्यातून कळणार कसं? तर म्हणाले, हाताला तेल लागलं तर कागदावर डाग पडतो. कुठला कागद, कुठला नकाशा, आता कोण बघायला बसलंय, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. हातमोजे तेवढे नवे आणून दिले, मापाचे.

आठही फटी लावून झाल्या, गाडी चालू केली, तर टकटक होतीच. दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजलं तर मापं बदललेली! काल बरोबर लावलेली वीसची फट आज बाविसाची. घट्ट केली. तिसऱ्या सकाळी तीच सतराची. सैल केली. चौथ्या दिवशी निराळंच. सकाळी आंघोळ, चहा, वर्तमानपत्र उरकून साडेसातला हे मोजायला बसायचे, आणि दर सकाळी आठ आकडे नवे. काळजी म्हणून संध्याकाळी प्लग, झाकण सगळं परत बसवायचे, धूळ जाऊ नये म्हणून, आणि सकाळी पुन्हा सगळं उघडायचे. पाचव्या दिवशी त्यांनी आलेख काढला. आडव्या रेघेवर वार, उभ्या रेघेवर फट, आठ व्हॉल्व्हना आठ रंग. इतका सुंदर आलेख मी आयुष्यात बघितला नाही, आणि त्यातून निष्कर्ष असा निघाला की आमचं इंजिन हवामानानुसार श्वास घेतं. कंपाउंडर म्हणाले, घेत असेल. मी मात्र दातओठ खात गणवेशाच्या बाह्या जोडत होते. मध्ये एकदा मी नुसतं म्हणून बघितलं, की ठोक्याला बोलवू या का? त्यांनी पेचकस पुसून पेटीत ठेवला आणि जाऊन खिडकीत बसले. मला ते बघवेना. मीच मग पेटी उचलून पुन्हा बाहेर नेऊन ठेवली आणि म्हटलं, उजेड आहे तोवर उरकून घ्या. तेव्हा उठले.

आणि मग गुरुवार उजाडला. आदल्या संध्याकाळी यांच्या डोक्यात आलं, की रोज झाकण लावण्यात आणि काढण्यात सकाळचा वेळ जातो, तेव्हा आज झाकण उघडंच ठेवू, वर फक्त चादर घालू. (माझी. फुलांची.) प्लग बसवले. सीट उभी केलेली तशीच. मागच्या चाकामागे दगड लावला. गिअर मात्र चौथ्यातच राहिला, हे कुणाच्याच ध्यानात नाही. पहाटे साडेपाचला मी मशीनवर होते, इतक्यात बाहेरून एक गुरगुर, एक धडाम, आणि मामंजींचा असा आवाज आला की माझ्या हातातून बाही सुटली. धावत बाहेर गेले. व्हॅन चार हात पुढे जाऊन नळाखालच्या पिंपावर आदळली होती, पिंप आडवं झालं होतं, अंगणभर पाणी, पाण्यावर मामंजींची एक चप्पल तरंगतेय, आणि मामंजी धुतल्या पांढऱ्या बनियनवर काळ्या तेलाचे शिंतोडे घेऊन उघड्या दारापाशी हातात काठी धरून उभे. चादरीचं वर्णन करत नाही. देवाची कृपा, त्यांना काही लागलं नाही.

हेही उठून आले. मी म्हटलं, मामंजी, तुम्ही इथे काय करत होता? तर ते म्हणाले, "रोजचंच. गाडी चालू करतो." रोजचंच म्हणजे? "बॅटरी बसू नये म्हणून. दहा मिनिटं. कधी जरा डोळा लागला तर वीस." आणि हे आज नाही, व्हॅन घेतल्यापासून! पस्तीस वर्षं पहाटे साडेपाचला पंप चालू केला, निवृत्त झाल्यावर हात गप्प बसेनात, तर आमची व्हॅन. बाहेर उभं राहूनच आत हात घालून चावी फिरवायची, शेजारी खुर्चीवर बसायचं, दहा मिनिटांनी बंद. मला पहाटे मशीनच्या आवाजात कधी जाणवलं तरी वाटायचं, दूधवाल्याची गाडी. यांची झोप तुला ठाऊक आहे, कानाशी ढोल वाजवला तरी कूस बदलतील. म्हणजे बघ, हा माणूस पाच दिवस काचेला लाल शाईची पाटी लावून गार इंजिनाची मापं घेत होता, आणि त्याच्या सख्ख्या बापाने रोज पहाटे ते इंजिन ऊन करून ठेवलेलं होतं. ज्या दिवशी मामंजींचा डोळा लागला त्या दिवशी फट एक, नाही लागला त्या दिवशी एक. तो आलेख इंजिनाचा नव्हताच, मामंजींच्या झोपेचा होता.

मला वाटलं, आता इथे बापलेकांची जुंपणार. पण हे पाण्यात तसेच उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाबा, काचेवर लिहिलं होतं ना." मामंजी म्हणाले, "वाचलं की. इंजिन गार हवं, असं होतं. मी तुझ्यासाठी नंतर बंद करत होतो." मी चावी काढून घेतली आणि बटणांच्या डब्यात टाकली.

शुक्रवारी इंजिन खरोखर गार होतं. एकशे साठ गणवेश घड्या घालून खोलीत छतापर्यंत रचलेले, त्यातून वाट काढत मी बाहेर जाऊन ढकलत होते. तरी जमेना. तीन बरोबर, एक घट्ट, पुन्हा एक सैल. त्यात पाना सटकून अंगठा चेकनटावर आपटला, त्याचं ते नख. शनिवारी सकाळी पुन्हा तेच. तू फोनवर म्हणालेला तो जळका व्हॉल्व्ह माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि त्याहून यांचा चेहरा हलत नव्हता. दुपारी त्यांच्या लक्षात आलं, की झाकणाखालचं रबरी पॅकिंग इतक्यांदा काढून घालून फाटलंय. तेव्हा हातमोजे काढून ठेवले, धुतलेला शर्ट घातला आणि सुट्या भागांच्या दुकानात पॅकिंग आणायला गेले. परत आले ते साडेचारला. आले, पुन्हा आठही फटी मोजल्या. या खेपेला मोजे न घालता, का कोण जाणे. एकेक पाती घालत गेले, काढत गेले. आठही बरोबर! म्हणाले, म्हणजे सकाळी जमलं होतं तर. नवं पॅकिंग लावलं, झाकण आवळलं, चावी मागितली, मी डबा उघडून दिली. गाडी चालू झाली आणि टकटक नाही! नुसता गुणगुणल्यासारखा आवाज. कंपाउंडर धावत आले. मामंजींनी काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या. यांचं तोंड असं झालं होतं जसं पोराला पहिला नंबर मिळावा आणि मोठ्यांनी बघितलं की नाही म्हणून त्याने इकडेतिकडे बघावं.

सोमवारी सकाळी गणवेश वेळेवर शाळेत पोचले. यांनी स्वतः नेले, इस्त्रीचा शर्ट घालून. तिथे चौकीदाराला, शाळेच्या शिपायाला आणि मुख्याध्यापिकेलाही त्यांनी टॅपेट म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

इथे पत्र संपलं असतं तर मी तुला लिहिलंच नसतं. पण कालपासून यांनी कंपाउंडरच्या स्कूटरचं इंजिन बघायचं कबूल केलंय. त्याचंही चित्र सुरू झालंय. शाळेच्या शिपायाची मोटारसायकल रविवारी येणार आहे. माझं बेतायचं टेबल पुन्हा तेलाखाली जाणार. तेव्हा ठोक्या, पत्र मिळताच ये, आणि तुझी ती निळी पेटी तुझ्या घरी घेऊन जा. वाटलं तर म्हण की गॅरेजात पाने कमी पडले. मी आता थकले. हात टेकले.

मुलांना गोड पापा. तुझी बायको बिचारी साधी माणूस आहे, तिला माझ्याकडून काही बोलू नकोस, सगळा राग तुझ्यावर आहे.

तुझी,
ताई

ता. क. — वर एक गोष्ट लिहायची राहिली. म्हणजे मुद्दाम ठेवली. शनिवारी दुपारी हे पॅकिंग आणायला गेले तेव्हा टॅपेट मी लावले. आता ओरडू नकोस, नीट वाच. मी पायरीवर बसून त्या उघड्या इंजिनाकडे बघत होते. मनात म्हटलं, मशीनची सुई वर आणायला आपण कधी मशीन ढकलतो का? हातचाक फिरवतो. मग जॅक लावून मागचं एक चाक उचललं, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, चौथा गिअर, आणि मामंजींना चाकापाशी स्टुलावर बसवलं. पंपघरातले पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवलेला हात तो. "केसभर" म्हटलं की केसभरच फिरवायचे. पस्तीस वर्षं असा माणूस पंपाला मिळाला म्हणून पाणी आलं, हे त्या दिवशी पटलं. मोजे मी घातले नाहीत. कापडाला दोऱ्याचा ताण किती हवा हे बोटांना कळतं, पाती किती धरतेय हेही तसंच कळलं. दीड तासात आठही झाले. जॅक काढला, हात राखेने घासले आणि मशीनवर जाऊन बसले. मामंजींनी कुणाला सांगायचं नाही असं कबूल केलंय, बदल्यात रविवारी एकदा चावी. तूही बोलायचं नाहीस. यांना वाटू दे.

ता. क. दुसरा — आता खरं सांगते, मी पत्र लिहिलं ते कशासाठी. पेटी न्यायला येऊ नकोस. मघाशी रागात लिहिलं, खोडायचा कंटाळा. तू यांना एक पत्र लिही. वेगळं, त्यांच्या नावाने. त्यात लिही, की गॅरेजात एक इंजिन आलंय, टॅपेट लावूनही वाजतंय, तुमचा काय अंदाज, भाऊजी? एवढंच. वीस वर्षं तू हे काम करतोयस, तुला त्यांना विचारण्यासारखं काही नाही, हे मला कळतं. पण त्या दिवशी चारचौघांत तू जे बोललास ते कागदावरच परत घेता येईल, तोंडाने तुला जमायचं नाही. माफी मागू नकोस, त्यांना ओशाळं होईल. प्रश्न विचार. ताईने कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागतेय.

ता. क. तिसरा — हे पोस्टाच्या खिडकीपाशी उभी राहून, पाकीट फोडून, मागून घेतलेल्या पेनाने लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. येताना वाटेत ते सुट्या भागांचं दुकान लागलं. दुकानदाराने मला हाक मारली आणि विचारलं, "बाई, झाले का टॅपेट तुमचे?" मी म्हटलं, साहेबांनी लावले. तर तो हसायला लागला. म्हणाला, "साहेब शनिवारी अडीच तास इथे बाकावर बसून होते. पॅकिंग तर पाच मिनिटांत दिलं होतं मी. घाई नाही का विचारलं, तर म्हणाले, ती दोन दिवस इंजिनाकडे बघतेय, मी घरी असलो तर हात लावणार नाही. थोडा वेळ बसू द्या." मी त्याच्याकडून उगाच एक जादा पॅकिंग घेतलं. ठोक्या, हा माणूस माझ्याशी चार दिवस तोंड वर करून खोटं बोलतोय, आणि मी त्याच्याशी. घरी जाऊन मी काही विचारणार नाही. तू मात्र ते पत्र लिहीच, आणि प्रश्न जरा अवघड काढ. त्यांना एकट्याला येणार नाही असा. म्हणजे मग मला विचारतील.